एकजीव झालेली काच पुन्हा भट्टीत घालताना

फ्यूजिंगमध्ये काच वितळवणं त्यातल्या त्यात सोपं. भट्टी ८०० अंश सेल्सिअसच्या थोडी वर गेली की एकावर एक ठेवलेल्या काचा एकजीव होतात. खरा कस लागतो तो ती काच थंड करताना, आणि तिला वाडग्याचा आकार द्यायला पुन्हा तापवताना.

माझी चकती ३ मिलिमीटर जाडीच्या दोन काचांची, म्हणजे जुळल्यावर ६ मिलिमीटरची. दोन्ही काचा ९० प्रसरणांकाच्या होत्या; तापल्यावर काच किती फुगते, त्याचा हा आकडा. ९० आणि ९६ एकत्र आल्या तर त्या कमी-जास्त आकसतात आणि जोडाशी ताण राहतो. मग कितीही सावकाश थंड करा, तो जात नाही.

वितळण झाल्यावर सुरुवातीला भट्टी मी झपाट्यानं खाली येऊ दिली. ७०० अंशांच्या आसपास काच रेंगाळली की पृष्ठभागावर स्फटिक बनून पांढुरका थर धरतो. ४८२ अंशांवर मात्र तासभर थांबवलं. हे अनीलिंग. काचेचा गाभा आणि कडा एकाच तापमानावर आल्या की आतला ताण सैल होतो. तिथून ३७० अंशांपर्यंत तासाला साधारण ८० अंश, एवढ्याच वेगानं उतरवलं. पुढे भट्टी बंद करून दिली, पण झाकण उघडलं ते काच हाताला गार लागेल तेव्हाच.

आता दुसरी फेरी. पहिल्या वेळी थर सुटे आणि पातळ होते. आता ती एक जाड, अखंड चकती आहे. कडा आधी तापून फुगतात, मधला भाग मागे राहतो आणि ताणला जातो. त्यात माझ्या चकतीवर काळे पट्टे होते आणि गडद रंग उष्णता लवकर शोषतात. म्हणून ५४० अंशांपर्यंत तासाला १५० अंशांच्या पुढे गेलेच नाही. त्यानंतर काच मऊ पडायला लागते, धोका ओसरतो. ६७० अंशांच्या सुमारास रंगीत संरक्षक चष्मा लावून झरोक्यातून पाहिलं: मधला भाग साच्यात हळूहळू बसत होता, कडा मागोमाग येत होत्या. तळ टेकला की तापमान उतरवायचं.

आणि हो, अनीलिंग पुन्हा पूर्ण करायचं. काच एवढी तापली की पहिल्या वेळचं अनीलिंग पुसलं जातं. कुणी हा तास वाचवताना दिसलं की मला राहवत नाही, मी सांगतेच.

ओळखीतल्या एकीनं दुसऱ्या फेरीत तडकलेली थाळी दाखवली होती. तडीच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती गोलसर लागली. म्हणजे काच तापतानाच तडकली होती आणि पुढच्या उष्णतेनं कड बोथट झाली. कड धारदार असती तर थंड होताना तडकली म्हणायचं.

माझा वाडगा दिसायला निर्दोष होता. तरी आडवे-उभे धरलेल्या दोन पोलराइज्ड फिल्टरमधून उजेडासमोर पाहिला, तेव्हा एका काळ्या पट्ट्याच्या कडेला पारदर्शक काचेत फिकट उजळ झालर दिसली. ताण उरला होता. साच्यात ठेवून तो पुन्हा सावकाश ४८२ अंशांवर नेला, या वेळी दोन तास थांबवला आणि उतरणीचा वेगही कमी केला. झालर गेली. तशीच राहिली असती, तर त्या दोन काचा एकमेकींना जुळणाऱ्या नाहीत असं धरून मी तो वाडगा वापरात आणला नसता.