सिलेक्ट कुठपर्यंत?

एक्सेलमधलं सगळ्यात अवघड काम कुठलं विचारलं तर लोकं व्हीलुकअप, म्हणजे यादीतून माहिती शोधून आणायचं सूत्र, सांगतात. मी म्हणतो सिलेक्ट करणं. हसू नका, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशोबाला बसतो आणि माझा निम्मा दिवस नुसता हिरव्या चौकटी ओढण्यात जातो.

माउस धरून खाली ओढायला लागलं की आधी ते जागचं हलत नाही, आणि पॉइंटर स्क्रीनच्या जरा खाली गेला की असं सुटतं की गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा बरा, पाहिजे होत्या ३०० ओळी आणि मी २१०० वर. मग वर ओढा, तर हेडिंगच्या पण वर. एका पोराने कंट्रोल शिफ्ट आणि खालचा बाण शिकवला तेव्हा वाटलं आता सुटलो, पण त्याचं एक आहे, मधी एक सेल रिकामा दिसला की तिथंच ब्रेक मारतंय. आमच्या पगाराच्या शीटला कोण ना कोण खाड्यावर असतोच, त्याचा सेल रिकामा. आणि कॉलममधी खाली काहीच नसेल तर एकदम १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन उभं राहतंय. २००३ च्या एक्सेलला ६५,५३६ ओळी होत्या, २००७ ला वाढवल्या. कुणाला लागतात एवढ्या काय माहीत, आमचे सगळे कामगार, त्यांची पाव्हणेरावळे धरून पण उरतील. आता मी सरळ वर डाव्या कोपऱ्यातल्या त्या बारक्या डब्यात ए२:एफ३०० टाईप करून एंटर मारतो, गप सिलेक्ट होतंय.

एकदा एफ८ कसं दाबलं गेलं देव जाणे, कुठंही क्लिक केलं की सिलेक्शन लांबतच चाललंय. दोन तास माउसलाच शिव्या घातल्या. एस्केप दाबलं आणि गेलं.

पण खरी फजिती पगाराची. नावं अ ते ज्ञ लावायची होती म्हणून नावांचाच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारलं. त्याने विचारलं होतं ओ, बाजूचा डेटा पण घेऊ का, मी घाईत नको म्हणलं. नावं हलली, आकडे जागेवर. आणि वाईट म्हणजे खालची बेरीज पैशापर्यंत जुळत होती, बेरजेला काय, कुणाचे का पैसे असेनात. शनिवारी एक आजी पाकीट घेऊन आल्या, "सायेब, जास्त दिलाव की मला." जास्तवाल्या आल्या म्हणून कळलं तरी.

घरी सांगितलं तर वडील हसायला लागले. ते चादरीच्या कारखान्यात होते, जकार्डच्या मागावर. तिथं नक्षा काढणारे मास्तर चौकटीच्या कागदावर लाल पेन्सिलने एकेक घर भरून मोर काढायचे. वडील सेलला घरच म्हणतात. उभी ओळ ताणा, आडवी बाणा, आणि भरलेल्या घराचं पुठ्ठ्यावर भोक, भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जायचा. एकदा एक घर जास्त भरलं गेलं तर निघेल त्या प्रत्येक चादरीवर मोर लंगडा. "तुमचं बरंय, कंट्रोल झेड दाबलं की झालं," म्हणले. मी काही बोललो नाही. पाकिटं वाटून झाल्यावर कुठलं कंट्रोल झेड.

त्यानंतर पगार करताना आमचे जुने काका शेजारी खुर्ची ओढून बसतात. एक्सेल त्यांना येत नाही, वही येते. मी पूर्ण टेबल सिलेक्ट केलं, आजींची ओळ नावाबरोबर आहे ना बघितलं, कॉपी मारलं, कडेने तुटक रेघ फिरायला लागली. काका चष्मा वर करून वाकले.

"मुंग्या लागलेत की रे. आधी ते झटक, मग पगार कर."