रमजानात प्रोग्रॅमिंग: कोणत्या वेळी कोणतं काम

रमजानात अभ्यासाचे तास कमी होणार हे गृहीतच असतं. म्हणून पहिल्या रोज्याच्या आधी बहुतेक विद्यार्थी तासांचं वेळापत्रक काढतात: सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री एक. चार-पाच दिवसांत ते कोलमडतं, कारण फजरनंतरचे (पहाटेच्या नमाजनंतरचे) दोन तास आणि असरनंतरचे (उतरत्या दुपारच्या नमाजनंतरचे) दोन तास एका मापाचे नसतात. प्रोग्रॅमिंगमध्ये तर हा फरक फारच जाणवतो. इतिहासाचं प्रकरण पेंगत वाचलं तरी थोडंफार डोक्यात राहतं. पेंगत लिहिलेलं रिकर्शन दुसऱ्या दिवशी पुसूनच टाकावं लागतं. तेव्हा तास मोजण्यापेक्षा कामाची जात बघून वाटणी करावी.

फजरची नमाज झाली की पुढचा दीड तास सगळ्यात मोलाचा. पोटात सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) आहे, पाणी प्यायलेलं आहे, कुणाचे मेसेज येत नाहीत. जे डोक्यात शिरायला जड जातं ते इथे घ्यावं: पॉइंटर, असिंक्रोनस कोड, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. एका बैठकीत एकच नवी कल्पना, आणि तिच्यावरचा निदान एक प्रोग्रॅम पुस्तक मिटून स्वतः लिहिलेला. पण याला रात्रीची झोप लागते. समजा फजर पाचला आणि इशा (रात्रीची नमाज) आठला आहे. तरावीह (रमजानातली इशानंतरची जादा नमाज) साडेनऊला संपली, सव्वादहाला डोळा लागला आणि सव्वाचारला सहरीसाठी उठलं, तर सहा तास पदरात पडतात. सहरीपर्यंत जागायचं आणि फजरनंतर झोपायचं, ही पद्धत सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात तोट्याची. उत्तम वेळ झोपेत जातो आणि ती झोपही उजेडाने, आवाजाने तुटते. अपवाद उन्हाळ्यातल्या उत्तरेकडच्या देशांचा. तिथे इशा ते फजर चार-पाच तासही मिळत नाहीत. तिथे फजरनंतर झोपणंच शहाणपणाचं आणि नवा विषय उठल्यावर.

दुपारी व्हिडिओ लेक्चर लावू नये. बसल्या बसल्या मान कलते आणि व्हिडिओ पुढे गेलेला असतो. हाताला चाळा देणारं काम निवडावं: आधीच्या कोडला टेस्ट लिहिणं, व्हेरिएबलची नावं सुधारणं, डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं कॉपी न करता टाइप करणं. जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) वीस-पंचवीस मिनिटांची कैलुला, म्हणजे दुपारची डुलकी, घ्यावी, गजर लावून. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि तासभर डोकं जड राहतं. तोंडी परीक्षा, प्रेझेंटेशन, मुलाखत असं बोलायचं काम असेल तर सकाळची वेळ मागून घ्यावी. दुपारनंतर घसा कोरडा पडतो आणि नीट येत असलेलं उत्तरही अडखळत बाहेर येतं.

पहिल्या दोन-तीन रोज्यांची डोकेदुखी पुष्कळदा भुकेची नसतेच, ती तुटलेल्या चहा-कॉफीची असते. शेवटच्या कपानंतर साधारण 12 ते 24 तासांत ती सुरू होते. उपाय रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच करायचा: शेवटच्या दहा दिवसांत दुपारचे कप एकेक करून बंद करायचे. इफ्तारनंतर रात्री दहाला कॉफी पिऊन भरपाई करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहरीच्या गजरापर्यंत ते अंगात असतंच. पाण्याचंही तसंच. सहरीला एकदम लिटरभर प्यायलेलं बरंचसं तासा-दोन तासांत निघून जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडं थोडं प्यावं.

असर ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज) हा धोक्याचा पट्टा. मगरिबच्या आधीच्या तासात माणूस एकच ओळ चारदा वाचतो आणि चूक न बघता कोड बदलत सुटतो. एक बदल, रन. दुसरा बदल, रन. अर्ध्या तासात मूळ चूक कोणती आणि आपण घातलेली कोणती, हे कळेनासं होतं. मग वैतागून गिट रीसेट हार्ड, म्हणजे बदल एका फटक्यात पुसणारी कमांड. कमिट केलेलं (गिटमध्ये नोंदवलेलं) असेल तर ते रीफ्लॉगमधून, म्हणजे गिटच्या नोंदवहीतून, परत मिळतं. न केलेले बदल मात्र गेलेच. म्हणून या तासासाठी साधे नियम ठेवावेत: मेन ब्रँचमध्ये मर्ज नाही, डेटाबेसवर डिलीट किंवा अपडेट नाही, नवी लायब्ररी बसवणं नाही. मोठा बदल करायचाच असेल तर आधी कमिट, मग वेगळी ब्रँच. खरं तर लॅपटॉप मिटून कुराणाची तिलावत (पठण) करायला किंवा इफ्तारच्या तयारीला हात लावायला हीच वेळ बरी.

नमाजसाठी उठणं म्हणजे कामात व्यत्यय, असं मानणाऱ्यांनी हे करून बघावं. अजानच्या पाच मिनिटं आधी फाइलच्या वर तीन ओळींची कॉमेंट लिहायची: काय चालू होतं, काय बिघडलंय, पुढचं पाऊल कोणतं. एखादी टेस्ट मुद्दाम नापास अवस्थेत सोडली तर आणखी चांगलं. परत आल्यावर ती रन केली की सुरुवात कुठून करायची ते समोर येतं. (वुजूनंतर, म्हणजे नमाजआधी हात-तोंड धुतल्यावर, हात कोरडे करून मगच कीबोर्डला लावावेत, हे सांगायला लागू नये, पण लागतं.)

ऑनलाइन क्लास मगरिबच्या वेळेवर येत असेल तर शिक्षकांना महिन्याच्या सुरुवातीलाच एका ईमेलमध्ये कळवावं की दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा बंद राहील. ऐन वेळी गायब होऊ नये. रात्रीचा क्लास टळणारा नसेल तर तरावीह नंतर घरी पढता येते. ती सुन्नत (पैगंबरांची प्रथा) आहे, फर्ज (बंधनकारक) नाही. इशा मात्र चुकवायची नाही.

महिनाभरासाठी छोटा प्रोजेक्ट हवा असेल तर नमाजच्या वेळा काढणारा प्रोग्रॅम लिहावा. सोपा वाटतो, पण चांगला घाम काढतो. अक्षांश, रेखांश आणि तारीख घ्यायची, सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचा कोन) आणि कालसमीकरण (घड्याळ आणि सूर्य यांच्या वेळेतला फरक) काढायचं, मग सूर्य ठरावीक कोनावर कधी येतो ते शोधायचं. मगरिबसाठी क्षितिजाखाली 0.833 अंश: वातावरणातल्या वक्रीभवनाचे 34 कला (अंशाचे साठावे भाग) आणि सूर्यबिंबाच्या त्रिज्येचे 16. फजरसाठी संस्थेनुसार कोन बदलतो. मुस्लिम वर्ल्ड लीग 18 धरते, उत्तर अमेरिकेतली पद्धत 15. सौदी अरेबियातल्या उम्म अल-कुरा पद्धतीत इशाला कोनच नाही: मगरिबनंतर 90 मिनिटं, आणि रमजानात 120. हा अपवाद विसरला की प्रोग्रॅम अकरा महिने बरोबर चालतो आणि नेमका रमजानात चुकतो.

उत्तर चुकलं तर फरक किती मिनिटांचा आहे ते बघावं. एक-दोन मिनिटं म्हणजे राउंडिंग किंवा वेळापत्रकात धरलेली सावधगिरी. बरोबर साठ मिनिटं म्हणजे डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं). फक्त असर पाऊण-एक तासाने सरकली असेल तर हनफी आणि शाफई या धर्मशास्त्रातल्या पंथांच्या पद्धतींतला फरक: सावली वस्तूच्या उंचीच्या किती पट वाढली की असर, तो गुणक 2 की 1. सगळ्याच वेळा अर्थहीन आल्या तर साइन, कोसाइनला रेडियनऐवजी अंश दिलेत. आणि 48.5 अंशांच्या वरचं गाव जूनमध्ये घातलं की व्यस्त कोसाइनला -1 ते 1 या मर्यादेबाहेरची संख्या मिळते, कारण त्या रात्री सूर्य 18 अंश खाली जातच नाही. पायथन तिथे एरर फेकतो. जावास्क्रिप्ट मुकाट्याने नॅन (‘ही संख्या नाही’ अशी खूण) देतं, आणि सहरीच्या काउंटडाउनवर तोच झळकतो. इतकं सगळं जमलं तरी रोजा सोडताना मशिदीचं वेळापत्रकच पाळावं. स्वतःच्या कोडवर एवढा भरवसा कुणीच ठेवू नये.

तारखेचा घोळ वेगळाच. हिजरी दिवस मध्यरात्री बदलत नाही, मगरिबला बदलतो. म्हणून पहिली तरावीह पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्री असते, आणि 27वी रात्र 26व्या रोज्याच्या इफ्तारनंतर सुरू होते. अभ्यासाचं कॅलेंडर भरताना ही एकची चूक हमखास होते: शब-ए-कद्रच्या (रमजानातल्या सगळ्यात पवित्र रात्रीच्या) शोधात जागायच्या विषम रात्री एका दिवसाने पुढे लिहिल्या जातात आणि सबमिशन नेमकं जागरणाच्या दुसऱ्या सकाळी येतं. शेवटच्या दहा दिवसांत नवा विषय घेऊच नये. इतिकाफला (शेवटचे दहा दिवस मशिदीत एकांत उपासनेला) बसणाऱ्यांनी विसाव्या रोज्याच्या मगरिबपूर्वी सगळं पुश करून टाकावं, कारण बैठक तिथून सुरू होते. महिना 29चा की 30चा हे चांद दिसल्याशिवाय ठरत नाही, तेव्हा ईदच्या आसपासची मुदत मागताना दोन दिवस जास्तीचे मागावेत, आणि तेही महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात.