जुन्या बाजारातला याशिका आणि बँकेतला लायका

लायका कॅमेरा घेण्यासाठी मी बँकेत आवर्ती ठेव सुरू केली, त्याला आता चार वर्षे होऊन गेली. त्या ठेवीतून आजवर घरात वॉशिंग मशीन आले आणि वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. लायका मात्र अजून जर्मनीतल्या वेट्झलारमध्येच आहे. १९८४ साली आलेला एम ६ हा फिल्मचा कॅमेरा कंपनीने २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ५,२९५ डॉलर होती, आणि तीही नुसत्या बॉडीची. लेन्सचे पैसे वेगळे. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, यावरून दुखणे किती जुने आहे ते कळावे.

हे दुखणे जडले ते एका ज्येष्ठ छायाचित्रकारांच्या घरी. त्यांनी १९५४ साली निघालेल्या एम ३ मॉडेलचा आपला कॅमेरा पाच मिनिटांसाठी माझ्या हातात दिला होता. सुरुवातीच्या एम ३ मध्ये फिल्म पुढे सरकवण्यासाठी कळ दोनदा ओढावी लागते. मी रिकामाच कॅमेरा दहा-बारा वेळा तसा ओढला, तेव्हा त्यांनी चहाचा कप पुढे करून तो हळूच काढून घेतला.

त्यानंतर एका रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि किल्ल्या हरवलेली कुलपे यांच्या मधोमध ताडपत्रीवर मला याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा फिल्मचा कॅमेरा दिसला. विक्रेत्याने साडेतीन हजार सांगितले. ‘चालतो का?’ असे विचारल्यावर ‘साहेब, चालत नसता तर इथे मांडला असता का?’ असे उत्तर आले, ज्यावर जुन्या बाजारात कोणीही विश्वास ठेवू नये. मी कळ ओढून कानाशी धरली. या कॅमेऱ्याच्या आत रबराचा एक छोटा तुकडा असतो. तो शाबूत असेल तर कळ ओढताना ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो झिजला की प्रकाशाचे गणित चुकू लागते. आवाज आला. चेहरा शक्य तितका पडलेला ठेवून मी सव्वीसशेंना सौदा केला.

इलेक्ट्रो मालिका १९६६ सालची आणि जीएसएन १९७३ चा. त्याला लागणारी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, त्यामुळे सहा व्होल्टची बारीक बॅटरी कागदात गुंडाळून आणि मागे बॉलपेनमधली स्प्रिंग लावून मी ती जागा भरली आहे. बॅटरी नसली तरी फिल्मवर क्षणभर प्रकाश सोडणारे शटर पडते. मात्र ते सरळ १/५०० सेकंदानेच पडते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे घरातल्या मंद उजेडात काढलेला माझा पहिला रोल जवळजवळ कोरा निघाला.

लायकाप्रमाणेच हाही रेंजफाइंडर आहे. व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी पिवळसर चौकोनात समोरच्या वस्तूची दुहेरी प्रतिमा दिसते आणि लेन्सचे कडे फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या असतात. आत आरसा नसल्यामुळे फोटो निघतो त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधार होत नाही, आणि पात्यांचे शटर इतके हळू वाजते की समोरच्या माणसाला पत्ता लागत नाही. ४५ मिलिमीटरची, भरपूर प्रकाश घेणारी एफ १.७ लेन्स तर या किमतीला लाजवेल अशी आहे. खरे सांगायचे तर लायकाकडून मला ज्या गोष्टी हव्या होत्या, त्यातल्या बहुतेक मला सव्वीसशे रुपयांत मिळाल्या.

जी मिळाली नाही, ती कसबा पेठेतल्या तांबट आळीत समजली. एक कारागीर दाराकडे पाठ करून बंबावर मठारकाम करत होते. हातोडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी तांब्यावर एक चकचकीत खळगा उमटत होता आणि मागच्या दारातून दुपारचे कडक ऊन येत होते. या कॅमेऱ्यात आपण फक्त ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र किती उघडायचे ते, ठरवायचे. शटरचा वेग तो स्वतः निवडतो आणि कोणता निवडला ते सांगतही नाही. वेग १/३० पेक्षा कमी झाला तर पिवळा दिवा लागतो. दारातल्या उन्हाला भुलून तो कारागिरांना काळेठिक्कर करणार, हे उघड होते. मग मी फिल्मचा वेग, म्हणजे तिची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, दाखवणारी चकती ४०० वरून १०० वर आणली, म्हणजे कॅमेऱ्याला खोटे सांगून चौपट प्रकाश घ्यायला लावले. ‘काका, रोलचा आहे ना हा? मग लगेच दिसायचा नाही,’ असे म्हणून ते पुन्हा ठोकू लागले.

फोटो चांगला आला. चकती परत ४०० वर न्यायला मात्र मी विसरलो आणि पुढचे अकरा फोटो दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाशाने, जास्त उजळले. एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म स्वभावाने क्षमाशील असल्यामुळे तेही निभावले. ती मी घरीच धुतो. डी-७६ या रसायनात २० अंशांना साडेसात मिनिटे, हे सोपे वाटते. पण एप्रिलच्या पुण्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी चहाला चालेल इतके गरम असते, म्हणून फ्रीजमधला सगळा बर्फ परातीत ओतून त्यात रसायनाची बाटली उभी करावी लागते. त्या दिवशी घरात कोणाला सरबतात बर्फ मिळत नाही, आणि याबद्दल मला जे ऐकावे लागते ते येथे लिहीत नाही.

लायकाचे स्वप्न मात्र काही सुटलेले नाही, फक्त ते आता आखूड झाले आहे. पूर्वी मला लायकाच्या बोधचिन्हाचा तो लाल ठिपका, ते नाव, तो दबदबा असे सगळेच हवे होते. आता हवी आहे ती माथ्यावरची शटरच्या वेगाची एक चकती, जी मी फिरवीन आणि कॅमेरा निमूटपणे ऐकेल. तेवढीच चकती बऱ्याच स्वस्त जुन्या कॅमेऱ्यांवरही असते, हे पत्नीने दाखवून दिले आहे. मी त्यावर अजून उत्तर दिलेले नाही. ठेवीचा हप्ता पाच तारखेला जातो, आणि याशिकात अजून नऊ फोटो शिल्लक आहेत.