केटी
इंजिनिअरिंगला असताना एटीकेटी ऐकलं की पोटात गोळा यायचा, आणि आता नुसतं केटी म्हटलं तरी येतो. आयटीतली केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. माणूस पेपर टाकतो, तीन महिने नोटीस पिरियड, त्यातल्या शेवटच्या चार दिवसांत डोक्यातलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं, कॉल लागतो, रेकॉर्डिंग चालू, सगळे म्यूटवर, शेवटी "एनी क्वेश्चन्स?" आणि शांतता. ते रेकॉर्डिंग नंतर कोणी बघत नाही. मी पण नाही, खोटं कशाला बोलू.

परवा मी गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चुकीच्या ब्रँचवर रिसेट हार्ड मारलं, म्हणजे कोड जुन्या अवस्थेत नेणारी कमांड. दोन दिवसांचं काम गायब. शेजारचा लातूरचा पोरगा, सहा महिन्यांपूर्वी जॉइन झालेला, हळूच म्हणाला, "मॅडम, रिफ्लॉग बघितलात का?" गिट आलं 2005 साली, लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं, तेव्हा हा अंगणवाडीत असेल, आणि मी इतकी वर्षं वापरून रिफ्लॉगचं फक्त नाव ऐकलेलं!

दोन मिनिटांत सगळे कमिट, म्हणजे गिटमध्ये सेव्ह केलेले बदल, परत आले. मग हिंजवडी फेज टूच्या अमृततुल्यवर चहा माझ्याकडून, हे ओघानं आलंच. तिथे त्याने चहाचा ग्लास टेबलावर तीन ठिकाणी ठेवून दाखवला. "ग्लास म्हणजे हेड, आपण आत्ता ज्या कमिटवर आहोत ते. उचलून दुसरीकडे नेला तरी खाली ओलं वर्तुळ राहतंय की. रिफ्लॉग म्हणजे ही वर्तुळं."

"आणि कमिटच केलं नसेल तर?"

"मग ग्लास टेकवलाच नाही ना मॅडम."

अशी सुटलेली वर्तुळं गिट साधारण 30 दिवस ठेवतं, मग पुसतं, आणि ती ज्याच्या त्याच्या मशीनवरच असतात, सर्व्हरवर जात नाहीत. हे तो सांगत असतानाच अमृततुल्यवाल्या पोऱ्याने येऊन फडकं मारलं. आम्ही दोघं इतके हसलो की त्याला वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं.

परत येताना मी पण त्याला आमच्या बिलिंगच्या कोडमधली ती "हात लावू नये" लिहिलेली ओळ कोणी आणि कुठल्या 31 मार्चच्या रात्री टाकली ते सांगितलं. केटीत ते कधीच आलं नव्हतं.

मॅनेजरला हे कळलं आणि तो म्हणाला, "मस्त टॉपिक आहे, सेशन ठेवू, रेकॉर्ड पण करू." काल झालं ते. वीस स्लाइड, पोरगा टेन्शनमध्ये इंग्रजीतून वाचत होता, सगळे म्यूटवर. मी चॅटवर टाकलं, ग्लासचं सांग की रे. त्याने नुसता अंगठा पाठवला आणि पुढची स्लाइड लावली.