आमचं टन किती झालं?

सांगली जिल्ह्यात दोन उलट्या वाटा आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला केरळ-तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत जातात. आणि दिवाळीच्या सुमारास बीडकडची माणसं कृष्णाकाठचा ऊस तोडायला आमच्याकडं येतात. मी पहिल्या वाटेवरची. वडील गलाईवाले, माझी बालवाडी कोइमतूरची. एम.ए.ला समाजशास्त्रात स्थलांतरावर प्रकल्प करायचा म्हटल्यावर आम्ही पाचसहा जणांनी पलूसकडचे उसाचे फड निवडले.

प्रश्नावली महाविद्यालयातली. त्यात एक रकाना होता ‘मासिक उत्पन्न’. कोपीपुढं, म्हणजे फडाजवळच्या झोपडीपुढं, बसलेल्या बायका हसायलाच लागल्या. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली असते, ती तोडलेल्या टनावर फिटते, आणि हिशोब होतो पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. त्यात महिना येतो कुठं? हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळं बाईची वेगळी मजुरी कागदावर नाहीच. कारखान्याच्या वजनकाट्याची पावतीसुद्धा वाहनवाल्याच्या नावानं निघते.

एक मावशी मोळी बांधता बांधता म्हणाली, “ताई, आमचं टन किती झालं, ते तुमच्या कागदात निघंल का?”

निघणार नव्हतं. मग आम्ही खिशात मावतील अशा वह्या आणल्या. तारीख, गाडी, पावतीवरचं वजन. टोळीतली सातवीतली एक पोरगी लिहू लागली, गाडीवानाकडनं पावतीचा फोटो मागू लागली. (ही पोरगी त्या वेळी शाळेत असायला हवी होती, हे आम्हालाही कळत होतं.) जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढला, हे टोळीत बहुतेकांना ऐकून माहीत होतं. आपल्या हिशोबात तो दर धरलाय का, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेशनचं काम त्यामानानं लवकर झालं. दुकानदाराचं पालुपद एकच, “कार्ड बीडचं हाय, धान्य तिकडंच घ्या.” पण कार्डाचा बारा अंकी नंबर सांगून, मशिनवर अंगठा लावून कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं, गावी राहिलेल्या सासूपुरता वाटा मागं ठेवताही येतो. आम्ही शेजारी उभं राहिलो आणि मशिन सुरू झालं. अडचण आली ती अंगठ्यांची. उसाच्या पानांनी सोललेली बोटं मशिन ओळखेना.

वर्गात 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा कायदा शिकलो होतो. फडात त्याचं भोक दिसलं. कर्नाटकातल्या विजापूरकडून आलेला मजूर त्याच्या व्याख्येत बसू शकत होता. शेजारच्याच सरीत तोडणारा बीडचा बसत नव्हता, कारण त्यानं राज्याची हद्द ओलांडलेली नव्हती. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार संहितेतली व्याख्याही राज्याच्या हद्दीलाच धरून आहे. प्लास्टिकच्या कागदाची कोप मात्र दोघांची सारखीच.

विभागात कुरकुर झाली. हे संशोधन की समाजसेवा, वगैरे. मला हा वाद फुकटचा वाटतो. दोन तास एखादीला प्रश्न विचारायचे, तिचा तेवढा खाडा करायचा आणि तिच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, याला तटस्थपणा म्हणायची माझी तयारी नाही. शिवाय वह्यांमुळं जी माहिती मिळाली, ती आमच्या प्रश्नावलीतून जन्मात मिळाली नसती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी आधी नमुना कसा निवडला ते विचारलं, मग वह्यांच्या झेरॉक्स चाळत बसल्या. “मुकादमाच्या हिशोबाशी हे जुळलं का?”

काहींचं जुळलं. काहींचं नाही, आणि ती भांडणं अजून फोनवर चालू आहेत. मुकादम म्हणतो वहीला अर्थ नाही, पावती दाखवा. पावत्यांचे फोटो त्या पोरीच्या वडलांच्या मोबाईलमध्ये आहेत. आम्ही ते तारीखवार लावून देतोय.