हिरवा पाईप

मे महिन्यातली दुपार. पेट्रोलची टाकी तळाला गेलेली, नोझलपुढं मोटारसायकलींची रांग, आणि पाकणीच्या डेपोतून भरून निघालेला टँकर सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या पंपावर येऊन उभा राहिला. गाडी लवकर खाली व्हावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. मी मॅनेजर, मला सगळ्यांत जास्त.

टँकरमधून भूमिगत टाकीत पेट्रोल उतरवायचा आमचा जुना पाईप आदल्या आठवड्यात कपलिंगपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडापाशी, चिरला होता. मालकांनी बाजारातून नवा आणून दिला. हिरवा, जाड, विहिरीवरच्या मोटारीला लावतात तो सक्शन पाईप, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची नवी कपलिंगं. 'पेट्रोललाही चालतो,' असं दुकानदारानं सांगितलं होतं.

टँकरवरच्या खलाशानं पाईप खांद्यावर घेतला आणि मला राहवेना. मी त्याला थांबवलं, पाईप फिलिंग पॉइंटपासून, म्हणजे भूमिगत टाकीच्या तोंडापासून लांब, मागच्या खोलीत नेला आणि मल्टिमीटर काढला. (वाफ असेल तिथं मीटर काढायचाच नाही. गाडीचं एकही झाकण तोवर उघडलं नव्हतं.) मीटरची एक पिन या कपलिंगला, दुसरी त्या कपलिंगला. मधे सलग धातू असेल तर मीटरचा बझर वाजतो. बझर वाजलाच नाही. चिरलेल्या जुन्या पाईपला लावली, लगेच वाजला. हिरव्या पाईपच्या अंगात जी गोल फिरलेली कड दिसते ती तार नसते, कडक प्लास्टिक असतं. म्हणजे दोन धातूची टोकं आणि मधे काहीच नाही.

टँकरचे ड्रायव्हरमामा वैतागले. "साहेब, एवढ्यानं काय हुतंय? कितीतरी ठिकाणी असल्याच पाईपनं गाडी खाली करतोय आमी."

मामांना समजावताना मला माझे वडील आठवले. ते इथंच एमआयडीसीत यंत्रमागावर होते. उन्हाळ्यात सिंथेटिक सूत अंगाला चिकटायचं, हात लावला की चटका बसायचा, म्हणून खात्यात पाणी मारून हवा दमट ठेवायचे. सुतासारखंच पेट्रोलचंही. पाईपमधून वाहताना घासून त्यात चार्ज, म्हणजे स्थिर वीज, तयार होतो आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत तो सहजी उतरत नाही. पाईपच्या आत तार असली, तर तो कपलिंगवरून टँकरला आणि तिथून अर्थिंगच्या केबलनं जमिनीत जातो. तार नसली की पाईपवरच साठतो. मग रबरी चप्पल घातलेल्या खलाशाच्या हातातलं ते सुटं कपलिंग फिलिंग पॉइंटच्या तोंडाजवळ आलं की ठिणगी उडू शकते. पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला पाव मिलिज्यूलइतकी ऊर्जा पुरते. डोळ्यांना न दिसणारी ठिणगीसुद्धा तेवढी असते.

आणि वाफ तिथंच असते. हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यानं ती जमिनीलगत पसरते. हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के मिसळली की पेटण्याजोगी होते. भूमिगत टाकीच्या आत ती बहुधा यापेक्षा दाट असते, पण तोंडापाशी, जिथं आपला माणूस वाकून उभा असतो, तिथं मात्र हे प्रमाण जमून येतं. त्या माणसाचा विचार मनातून जात नव्हता.

मालकांना फोन लावला. ते चिडले, रांगेचं काय म्हणाले. मी म्हणालो, "मालक, आज मी गाडी लावून घेत नाही." मग ते दोन क्षण गप्प बसले आणि ओळखीच्या पंपावरून पाईप मागवतो म्हणाले. पाऊण तासानं टेम्पोतून आला. पहिलं काम बझर. वाजला.

तेवढ्या वेळात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला आजही जास्त टोचते. आमच्या अर्थिंगच्या केबलची चिमटी वर्षानुवर्षं टँकरच्या रंगवलेल्या पत्र्यावर लावली जायची. रंगातून करंट कसा जाणार? खाली जमिनीतला अर्थ पिट व्यवस्थित, वर चिमटीची स्प्रिंग ढिली. ती टँकरच्या पितळी बॉसवर, म्हणजे अर्थिंगसाठीच्या उघड्या धातूच्या गुंडीवर घट्ट बसवली. मग चाकांना अडण्या, दोन्हीकडं आग विझवायचे डीसीपी पावडरचे सिलिंडर, काही मिनिटं थांबून डिप (पट्टी बुडवून पातळी मोजणं) आणि पेट्रोलची घनता, आणि शेवटी पाईप. अर्थिंग झाकण उघडायच्या आधी लागतं आणि पाईप निघाल्यावर सगळ्यांत शेवटी निघतं, हा क्रम मामांना तोंडपाठ होता, हे बघून बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मालक मला घेऊन खरेदीला गेले. आम्ही कंपोझिट पाईप घेतला. त्याला आतून आणि बाहेरून धातूची तार फिरलेली असते, दोन्ही तारा दोन्ही कपलिंगना जोडलेल्या, आणि वजनाला हलका म्हणून आमच्या पोरांना उचलायला सोपा. स्टीलची तार असलेला रबरीही चालला असता. दुकानदारानं आधी किंमत सांगितली, मी आधी मीटर लावला. सोबत दातेरी जबड्याची, भक्कम स्प्रिंगची चिमटी घेतली. दर महिन्याला बझर तपासून वहीत तारीख लिहायची, हे त्याच दिवशी ठरलं.

हिरवा पाईप मालकांनी मोहोळच्या शेतावर नेला. तिथं विहिरीवर तो झकास चालतोय.