नाशिक एका दिवसात: गारगोट्या, जलरंग, घाटावरचे व्याख्यान आणि मध्यंतरानंतरचा ख्याल

कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘विद्यापीठाच्या सभागृहात’ एवढेच छापले असेल, तर कोणत्या विद्यापीठाच्या, ते आधी विचारून घ्या. नाशिकला सरकारीच दोन आहेत आणि दोन्ही गावाबाहेर, वेगवेगळ्या दिशांना. १९८९चे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला, तर १९९८चे आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला. चुकीच्या फाटकाशी उभे राहिलात, तर व्याख्यान गेलेच म्हणून समजा.

गावातल्या कार्यक्रमांचे मात्र दोनच अड्डे. एक शालिमारच्या आसपास: महाकवी कालिदास कलामंदिर, टिळक पथावरचे १८४०चे सार्वजनिक वाचनालय म्हणजे ‘सावाना’, तिथलेच परशुराम सायखेडकर नाट्यमंदिर आणि पुढे गोदाघाट. दुसरा गंगापूर रोडवर, कुसुमाग्रज स्मारकाचा. दोन्हींत अंतर फार नाही, पण संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हाच रस्ता अर्धा-पाऊण तास खातो. म्हणून दुपार गंगापूर रोडला, संध्याकाळ जुन्या नाशकात, आणि उलट फिरायचे नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी हा क्रम नीट जमला, तो पुढे देत आहोत.

पुण्याहून निघालात तर पहाटे साडेपाचला निघा. साडेसातनंतर चाकणचा चौक तासभर अडकवू शकतो. दहाच्या सुमारास सिन्नर येते. तिथे माळेगाव एमआयडीसीत ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे. नाशकात शिरल्यावर ‘उद्या बघू’ म्हणणारे परत तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे येतानाच उरका. दीड तास पुरतो, पण अर्ध्या तासात धावत बघितले तर सगळे रंगीत दगड सारखेच दिसतात.

इथला मुख्य माल म्हणजे आपल्याच काळ्या कातळाच्या पोटातली झिओलाइट नावाची खनिजे आणि त्यांच्या संगतीने वाढणारी इतर खनिजे. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे पोकळ राहिले. नंतर त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपत गेले आणि त्याचे स्फटिक झाले. विहिरी आणि खाणी खोदताना सापडतात ते हेच. ओळखायला चार खुणा लक्षात ठेवा. मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा, फिकट पीच रंगाचा दिसला तर स्टिल्बाइट. पांढऱ्या सुयांचा झुबका असेल तर बहुधा स्कोलेसाइट. चौकोनी, काचेसारखा, कधी हिरवट तो अपोफिलाइट. याच्यासमोर जरा डावी-उजवीकडे मान हलवा: बाजूचे पैलू काचेसारखे चमकतात, पण माथ्याचा सपाट पैलू मोत्यासारखा दुधी उजळतो, कारण तो त्याच पातळीत सहज फुटतो. चौथा कॅव्हन्साइट, गडद निळा. त्याचे नामांकित नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले, हे पुणेकरांनाच ठाऊक नसते.

पुढे नाशिक साधारण तीस किलोमीटर. नाशिकरोड आणि द्वारका चौकातली गर्दी धरून तास मोजा. मुंबईकरांना सकाळची तपोवन एक्सप्रेस सोयीची. नाशिकरोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे, सिटीलिंकची बस किंवा शेअर रिक्षा शालिमारला सोडते. त्यांनी सिन्नर सोडून द्यावे आणि सकाळ सावानात घालवावी. मिसळ खायची असेल तर सकाळीच. दुपारी दीडला रस्सा गाळात गेलेला असतो.

कुसुमाग्रज स्मारकात जलरंगांचे प्रदर्शन होते. नाशकात जलरंग म्हटले की घाट, देवळाच्या पायऱ्या, ओला दगड हे आलेच. काही चित्रे सरावाची होती, दोन-तीन खरोखर बघत राहावीत अशी. तीन दिवसांच्या प्रदर्शनाचा हिशेब असा: पहिल्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन, त्यामुळे दुपारी गेलात तर भिंतीवर अजून खिळेच. शेवटच्या दिवशी पाचनंतर फ्रेमा उतरू लागतात. मधल्या दिवसाची दुपार उत्तम, चित्रकारही तिथेच निवांत बसलेला असतो. काचेत ट्यूबलाइट दिसत असेल तर समोरून न बघता दोन पावले बाजूला सरका. आणि कोरडा कागद कुठे राखून ठेवलाय ते शोधा. जलरंगात पांढरा बहुतेक वेळा लावलेला नसतो, सोडलेला असतो, त्यामुळे चित्रकाराचा हात तिथे कळतो. याच वास्तूत विशाखा सभागृह आहे. २७ फेब्रुवारी ते १० मार्च, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिन ते स्मृतिदिन, या पंधरवड्यात येणाऱ्यांनी एका वर्षी जनस्थान आणि पुढच्या वर्षी गोदावरी गौरव हा पुरस्कारांचा फेरा लक्षात ठेवावा.

मे महिनाभर गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला चालते. वेळ सातची, प्रवेश खुला. साडेसहालाच जा. फरशी दिवसभर तापलेली असते आणि ती उष्णता साडेसातपर्यंत खालून येत राहते, म्हणून दुहेरी सतरंजी किंवा जाड वर्तमानपत्र हवे. पाण्याची बाटली आणि डासांचे मलम विसरू नका. पुढे खुर्च्या असतात, पण पुढचा कार्यक्रम गाठायचा असेल तर कडेला बसा. मधूनच उठणारा माणूस वक्त्याला आणि ज्येष्ठ श्रोत्यांना सारखाच खुपतो. गाडी घाटावर आणूच नका. शनिवारी रामकुंडाकडची गर्दी वेगळीच असते.

आता कळीचा मुद्दा. त्याच संध्याकाळी कालिदासमध्ये शास्त्रीय गायन होते, पत्रिकेवर वेळ साडेसहा. दोन्ही कसे जमायचे? जमते. दीपप्रज्वलन, सत्कार आणि पहिला कलाकार यांत सव्वाआठ वाजतात, आणि मुख्य बैठक मध्यंतरानंतरच असते. व्याख्यान सव्वाआठला संपले की रिक्षा शोधत बसू नका. रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार असे चालत पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. दहा मिनिटे बुडाली तरी तानपुरेच जुळत असतात. ग्रीनरूममध्ये लावलेला तानपुरा मंचावर एसीच्या झोतात आणि दिव्यांखाली आला की तारा सरकतात, तबल्याची पुडीही (वरचे कातडे) हवेप्रमाणे चढते-उतरते. हातोडी दोन-तीनदा फिरेपर्यंत कुजबुज चालते, मग षड्ज लागतो आणि सभागृह गप्प होते. त्या रात्री बागेश्री राग होता, विलंबित म्हणजे संथ एकतालात, आणि पहिली पाचेक मिनिटे गायकाने मध्यमाच्या, म्हणजे ‘म’ स्वराच्या, पुढे पाऊल टाकले नाही. त्यासाठीच यायचे.

सन्मानिका म्हणजे राखीव खुर्ची नव्हे. उशिरा आलात तर मागेच बसावे लागते, पण ध्वनियंत्रणेच्या टेबलाजवळची रांग मिळाली तर तक्रार नको. आवाज जुळवणाऱ्याच्या कानावर पडते तेच तिथे आपल्याला ऐकू येते. पहिल्या दोन रांगांत उलट तबला गळ्यावर चढतो. बंद सभागृहाला उघड्यावरची रात्री दहाची ध्वनिक्षेपकाची मर्यादा लागू नाही, पण सभागृह सत्रावर भाड्याने मिळते, त्यामुळे भैरवी आटोपशीरच असते. नंतर नाशिकरोडला जायचे असेल तर मध्यंतरातच रिक्षावाल्याशी भाडे ठरवून त्याला साडेदहाला शालिमारच्या कोपऱ्यावर बोलावून ठेवा.